इंग्लंडच्या कुरणातून सायकल न्यायची? आधी खांबावरचा बाण कोणत्या रंगाचा आहे ते बघा

अशी रील तुम्हीही कधीतरी बघितली असेल. हिरव्यागार, गोलाकार टेकड्या. मध्येच मेंढरांचा कळप. झुडपांचं कुंपण, त्यात एक लाकडी फाटक आणि त्या फाटकातून चिखल उडवत निघालेला माउंटन बाइकवाला. ना दरी, ना कडा, ना घाट. खाली कमेंटमध्ये आपलीच मंडळी, "काय मोकळा देश आहे राव, वाट दिसली की सायकल घातली!"

गडबड नेमकी इथेच आहे.

दक्षिण इंग्लंडमधल्या त्या टेकडीवर सायकल चढवणं फार अवघड नाही. त्या वाटेवर सायकल न्यायचा तुम्हाला हक्क आहे की नाही, हे ठरवणं अवघड आहे. एका फाटकाच्या अलीकडे तुम्ही कायदेशीर सायकलस्वार असता. तीच वाट फाटकापलीकडे गेली की तुम्ही दुसऱ्याच्या जमिनीत विनापरवाना शिरलेले इसम ठरू शकता. वाट तीच, माती तीच, रुंदीसुद्धा तीच.

असं का, हे समजून घ्यायचं तर १९६८ चा एक कायदा, पन्नासच्या दशकात गावोगाव रंगवलेले नकाशे आणि अठराव्या शतकातला एक दारू गाळणारा माणूस, एवढ्या सगळ्यांना भेटावं लागतं. आधी आकडे बघू.

इंग्लंडमध्ये 'पब्लिक राइट ऑफ वे' नावाची भानगड आहे. म्हणजे जमीन खासगी, पण तिच्यातून जाणारी वाट सगळ्यांची. शेतकरी गहू पेरो नाहीतर गाई चारो, त्या वाटेवरून जायचा हक्क कुणालाही आहे आणि तो अडवणं बेकायदा आहे. अशा वाटांची इंग्लंडमधली एकूण लांबी साधारण १,८८,७०० किलोमीटर भरते. त्यातल्या सुमारे १,४६,६०० किलोमीटर वाटा फक्त चालणाऱ्यांसाठी. त्यांना तिकडे 'फुटपाथ' म्हणतात. आपल्याकडचा, ज्याच्यावर भेळेची गाडी लागते तो फूटपाथ नव्हे. ही शेतातली पायवाट. दुसरा मोठा गट 'ब्रायडलवे', म्हणजे घोडवाट. चालणारे आणि घोडेस्वार यांच्यासाठी. त्या साधारण ३२,४०० किलोमीटर. उरलेल्या थोड्या वाटा जुन्या गाडीवाटा आहेत, त्यांना 'बायवे' म्हणतात.

सायकलला हक्क आहे तो घोडवाटांवर आणि बायवेंवर. बेरीज केली तर एकूण वाटांच्या २२ टक्के. उरलेल्या ७८ टक्के वाटांवर तुम्ही बूट घालून जाऊ शकता, पण सायकलवर बसून जायचा हक्क नाही.

ओळखायचं कसं? वाटेच्या तोंडाशी एक खांब असतो, त्यावर छोटा बाण. पिवळा बाण म्हणजे पायवाट. निळा म्हणजे घोडवाट, जा बिनधास्त. जांभळा आणि लाल हे बायवेचे दोन प्रकार, तिथेही सायकल चालते. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेच्या १:२५,००० नकाशावर हेच हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेलं असतं. आखूड तुकडे असले तर पायवाट, लांब तुकडे असले तर घोडवाट. मोबाइलच्या लहान स्क्रीनवर हा फरक पटकन दिसत नाही आणि मग लोक फसतात.

पिवळ्या बाणावर सायकल घातली तर काय होतं? पोलीस धरून नेतात का? साधारणपणे नाही. तिकडच्या कायद्यात हा बहुतेक ठिकाणी गुन्हा नसून दिवाणी मामला आहे. जमीनमालक तुम्हाला निघून जा म्हणू शकतो, नुकसान झालं तर दावा लावू शकतो. कुंपणावर 'घुसखोरांवर खटला भरला जाईल' अशी पाटी दिसली, तर तिच्यात बऱ्याचदा दम कमी आणि आवाज जास्त असतो. अपवाद मात्र आहेत. एखाद्या जागेला स्थानिक नियम लागू असले तर दंड होतो. शिवाय गावात रस्त्याकडेच्या पदपथावर सायकल चालवणं हा वेगळा प्रकार आहे. १८३५ च्या कायद्यानुसार तो सरळ गुन्हाच ठरतो.

आता प्रश्न असा, की घोड्याच्या वाटेवर सायकल आली कशी?

१९६८ साली ब्रिटिश संसदेने 'कंट्रीसाइड ॲक्ट' केला. त्याच्या ३० व्या कलमाने घोडवाटांवर सायकल चालवायचा हक्क दिला. सोबत दोन शेपट्या जोडल्या. एक, सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. दोन, ही वाट सायकलसाठी सोयीची करून द्यायची जबाबदारी प्रशासनावर नाही. म्हणजे या, चालवा, पण खड्डे तुमचे तुम्ही बघा.

वर्ष लक्षात घ्या, १९६८. तेव्हा माउंटन बाइक नावाची वस्तूच नव्हती. ती जन्मली सत्तरच्या दशकात, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीच्या डोंगरांवर. जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन काही पोरं उतारावरून शर्यती लावायची, त्यातून पुढे गिअर, मजबूत ब्रेक आणि नव्या फ्रेम आल्या. १९८१ मध्ये कारखान्यात मोठ्या संख्येने बनलेली पहिली माउंटन बाइक बाजारात आली. म्हणजे इंग्लंडच्या खासदारांनी हक्क दिला तो लोखंडी फ्रेमच्या, बारीक टायरच्या, टोपलीवाल्या सायकलला. तेरा वर्षांनी तो आयताच माउंटन बाइकच्या पदरात पडला. पुढे ई-बाइक आली. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी सुमारे २५ किलोमीटरला मदत बंद करणारी, पॅडल मारल्यावरच चालणारी ई-बाइक कायद्याच्या लेखी सायकलच. त्यामुळे घोडवाट तिलाही खुली.

पण चिखलातून सायकल हाणायची खोड अमेरिकेहून आली असं कुणी इंग्रजासमोर म्हणू नका. १९५५ मध्ये हेरफर्डशरमधल्या लेमिन्स्टर गावी 'रफ-स्टफ फेलोशिप' नावाचा क्लब स्थापन झाला. डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटांनी सायकल न्यायची, जिथे चालवता येणार नाही तिथे खांद्यावर घ्यायची, डबा खायचा आणि परत यायचं, एवढाच कार्यक्रम. ना हेल्मेट, ना सस्पेन्शन. जगातला सगळ्यात जुना ऑफ-रोड सायकल क्लब म्हणून त्याचं नाव घेतलं जातं आणि तो आजही चालू आहे.

गावाची शीव आली आणि हक्क संपला

फाटकाच्या अलीकडे घोडवाट आणि पलीकडे पायवाट हा प्रकार नेमका होतो कसा?

१९४९ मध्ये, दुसरं महायुद्ध संपून चारच वर्षं झाली असताना, ब्रिटनमध्ये राष्ट्रीय उद्यानं आणि ग्रामीण भागातल्या प्रवेशाबद्दलचा कायदा आला. त्यात प्रत्येक काउंटीला, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्याला सांगितलं गेलं, की तुमच्या हद्दीतल्या सगळ्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा तयार करा. या नकाशाला 'डेफिनिटिव्ह मॅप' म्हणतात. नकाशात वाट आली की तिचा हक्क पक्का. न्यायालयात तो नकाशाच पुरावा.

काउंटीने ते काम खाली ढकललं, पॅरिशकडे. पॅरिश म्हणजे तिथली सर्वात लहान पातळी, आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळपासची. पन्नासच्या दशकात गावातले चार जाणते लोक वाटा चालून बघायचे आणि फॉर्म भरायचे. कोणती पायवाट, कोणती घोडवाट, हे त्यांनीच लिहायचं.

आता एका गावातला माणूस म्हणाला, इथून माझा आजा घोडा न्यायचा, लिहा घोडवाट. शेजारच्या गावातला म्हणाला, आता कोण घोडा नेतो, लिहा पायवाट. वाट एकच, पण दोन गावांनी दोन नावं दिली. तेव्हा कुणाला फारसा फरकही पडत नव्हता, कारण सायकलचा हक्क अजून यायचा होता. १९६८ मध्ये तो आला आणि पन्नासच्या दशकातली ती एका शब्दाची नोंद एकदम महाग पडली. शिवेवर निळा बाण संपतो, पिवळा सुरू होतो. प्रत्यक्षात समोर ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद वाट असते.

प्रसिद्ध वाटाही यातून सुटल्या नाहीत. 'रिजवे' ही १३९ किलोमीटरची राष्ट्रीय वाट घ्या. एव्हबरीच्या प्रागैतिहासिक शिलावर्तुळाजवळून निघते आणि आयव्हिंगो बीकन या टेकडीवर संपते. पश्चिमेचा अर्धा भाग, थेम्स नदीपर्यंत, सायकलला खुला. नदी ओलांडून चिल्टर्न टेकड्यांत शिरलं की मोठे टप्पे फक्त चालणाऱ्यांचे. वाटेचं नाव एक, पाटी एक, पण सायकलवाल्याला अर्ध्यात वळसा.

आपल्याकडे शेतरस्त्याच्या भांडणात तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेल्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. नातंही खरंच आहे. 'वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा वापर झाला तर वहिवाटीचा हक्क' हे तत्त्व आपल्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात आहे. तो कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. इंग्लंडच्या १९८० च्या हायवेज ॲक्टमध्येही वीसच वर्षं आहेत. दोन्ही एकाच इंग्रजी कायद्याच्या परंपरेतून आलेले. फरक एवढाच, की आपल्या कायद्यात हक्क मुख्यतः अमुक शेतकऱ्याचा अमुक शेताकडे जायचा. त्यांच्या या वाटांवर हक्क कुणाचाही, दुसऱ्या देशातून काल आलेल्या विद्यार्थ्याचासुद्धा.

जिथे सगळं जुळून आलं

इतकं वाचून वाटेल की इंग्लंडमध्ये सायकल घेऊन निघणं म्हणजे वकील सोबत घेऊन निघणं. तसं नाही. दक्षिणेत 'साउथ डाउन्स वे' आहे. जुन्या राजधानीचं गाव विंचेस्टर ते समुद्रकाठचं ईस्टबोर्न, १६० किलोमीटर. ही राष्ट्रीय वाट घोडे आणि सायकल यांना पहिल्यापासून डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे, त्यामुळे टोकापासून टोकापर्यंत सायकलने जाता येतं. काही ठिकाणी चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा मार्ग थोडा वेगळा होतो, तेवढंच. हौशी लोक दोन-तीन दिवस घेतात. काही महाभाग एका दिवसात संपवतात.

उंची ऐकून हसू येईल. या वाटेच्या आसपासची सर्वात उंच टेकडी बट्सर हिल, २७० मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. पण टेकडी लहान म्हणून वाट सोपी असं समजू नका. ही वाट एकदा चढून वर राहत नाही. मध्ये नद्या टेकड्यांची रांग कापून समुद्राकडे जातात, म्हणून दर वेळी खाली उतरायचं, नदी ओलांडायची आणि पुन्हा चढायचं. असं करत शेवटपर्यंत सगळ्या चढांची बेरीज ४,००० मीटरच्या आसपास जाते. थोड्या थोड्या हप्त्याने घेतलेलं कर्ज कसं नंतर एकदम जाणवतं, तसे पाय दुसऱ्या दिवशी बोलतात.

खरी परीक्षा जमिनीची. या टेकड्या खडूच्या आहेत. शाळेतल्या फळ्यावरचा खडू आठवा, तसा पांढरा, मऊ चुनखडीचा दगड. उन्हाळ्यात तो टणक असतो आणि पाणी पटकन मुरत असल्यामुळे वाट लवकर वाळते. पावसाने वरचा थर भिजला की मात्र साबण. ब्रेक लावला की मागचं चाक आपल्याला ओव्हरटेक करायला बघतं. शिवाय खडूत गारगोटीचे तुकडे असतात, फुटले की काचेसारखी धार, म्हणजे पंक्चर. टेकडीखालच्या सपाट पट्ट्यात चिकणमाती आहे. हिवाळ्यात ती चाक आणि फ्रेमच्या मध्ये अशी भरते की सायकल चालवायची नसून ओढायची वस्तू होते. म्हणून जाणकार मे ते सप्टेंबरमधला कोरडा काळ पकडतात.

आणि फाटकं! संख्या मोजायच्या फंदात पडू नका. जनावरं कोंडलेली असतात म्हणून प्रत्येक फाटक उघडायचं, जायचं आणि जसं होतं तसं करायचं. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. उघडं फाटक 'चांगुलपणाने' बंद केलं तर कदाचित त्या मेंढरांचं पाणी पलीकडे असतं. समोर घोडा आला तर लांबूनच आवाज द्यायचा, वेग कमी करायचा, पुरेसं अंतर ठेवून जायचं. मागून गुपचूप आलेली सायकल घोड्याला शिकारी जनावरासारखी वाटते आणि तो उधळला तर वर बसलेल्या माणसाचं हाड मोडू शकतं. वाट देणं हा तिथे निव्वळ शिष्टाचार नाही, वर सांगितलेल्या १९६८ च्या कायद्यातली अट आहे.

ज्यांना पुन्हा सुरुवातीच्या जागी यायचं आहे त्यांच्यासाठी 'सायकलिंग यूके' या संस्थेने २०२० मध्ये 'किंग आल्फ्रेड्स वे' नावाचा सुमारे ३५० किलोमीटरचा गोल आखला. विंचेस्टरहून निघून स्टोनहेंज आणि एव्हबरीवरून परत. नवी वाट त्यांनी जवळपास बांधली नाही. असलेल्या घोडवाटा, बायवे आणि छोटे रस्ते एकमेकांना जोडले. कुठे जोड तुटतो, हे नकाशावर शोधणं हेच अशा कामातलं निम्मं काम.

बागेतली वाट: हक्क वेगळा, परवानगी वेगळी

आता पार्कांकडे वळू. तिथे हिशोब वेगळा आहे.

लंडनच्या नैऋत्येला रिचमंड पार्क आहे, ९५५ हेक्टरचं. जुने ओक, गवताळ माळ आणि मोकळी फिरणारी सहाशेहून अधिक हरणं. सोशल मीडियावरच्या जुन्या लोकांना २०११ चा तो व्हिडिओ आठवत असेल, 'फेंटन' नावाचा कुत्रा हरणांच्या कळपामागे लागलाय आणि मालक जिवाच्या आकांताने ओरडत मागे धावतोय. तो इथलाच.

या पार्कला पहिला चार्ल्स राजाने १६३७ मध्ये शिकारीसाठी भिंत घातली. आतून जाणाऱ्या जुन्या वाटा मात्र लोकांना खुल्या ठेवल्या. पुढे १७५१ मध्ये दुसऱ्या जॉर्ज राजाची मुलगी प्रिन्सेस अमेलिया पार्कची रेंजर झाली आणि तिने फतवा काढला, फक्त पासधारकांना प्रवेश. मोठ्या लोकांनी अर्जविनंत्या केल्या. जॉन लुईस नावाच्या स्थानिक बिअर गाळणाऱ्याला हे पटलं नाही. तो दारावर गेला, अडवला गेला आणि कोर्टात गेला. पास मिळावा हे त्याचं म्हणणंच नव्हतं. वाट लोकांची आहे, पास कसला मागायचा?

१७५८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. भिंतीतून आत यायला दार हवं की भिंतीवरून चढून जायची शिडी, असं न्यायमूर्तींनी विचारलं, तेव्हा त्याने शिडी मागितली. दाराला कुलूप लावता येतं, शिडीला नाही! पार्कच्या एका प्रवेशद्वाराला आजही 'लॅडरस्टाइल गेट' म्हणतात.

लुईसने जिंकला तो पायी जायचा हक्क. सायकल तेव्हा कुठे होती! आज रिचमंड पार्कला चक्कर मारणारी 'टॅमसिन ट्रेल' आहे, साधारण पावणेबारा किलोमीटरची खडीची वाट, चालणारे आणि सायकलवाले मिळून वापरतात. लहान मुलांना घेऊन, भाड्याची सायकल काढून जायला झकास. पण इथे सायकल चालते ती परवानगीने. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये पार्क चालणाऱ्यांना खुलं राहिलं आणि सायकलिंग काही काळासाठी बहुतेकांना बंद झालं. परवानगी दिली तशी काढून घेता येते. हक्काचं तसं नसतं, तो काढायला कायद्याची प्रक्रिया लागते.

ट्रेल सोडून गवतात किंवा झाडांमध्ये सायकल घालायला इथे मनाई आहे, दंड होऊ शकतो. कारण पोकळ नाही. हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. शेकडो वर्षांच्या ओकच्या मुळांवरची माती टायरखाली दाबली गेली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही. कुजणाऱ्या लाकडावर जगणारा दुर्मिळ स्टॅग बीटल हा भुंगा याच झाडांच्या आधाराने टिकून आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर हा लाल हरणांचा माजाचा काळ. तेव्हा नर अंगावर येऊ शकतो. किमान ५० मीटर लांब राहा, सेल्फीसाठी तर नक्कीच.

मग चिखल उडवायचा कुठे? त्यासाठी खास बांधलेल्या ट्रेल असतात. हिरवी सर्वात सोपी, मग निळी, लाल आणि काळी सर्वात अवघड. इथे गोंधळ करू नका, हा रंग अवघडपणाचा आहे, वरचा बाणाचा रंग हक्काचा होता. ब्रिस्टलजवळचं ॲश्टन कोर्ट हे याचं चांगलं उदाहरण. स्माइथ घराण्याची जहागीर, १९५९ पासून शहराच्या कौन्सिलकडे. सरदारांचा वाडा, हरणांचं कुरण आणि त्याच आवारात 'नोव्हा' नावाची निळी माउंटन बाइक ट्रेल. लंडनहून रेल्वेने जवळ हवं असेल तर ब्रॅकनेलजवळ स्विन्ली फॉरेस्ट आहे, तिथे हिरव्यापासून लालपर्यंत सगळं मिळतं.

या सौम्य पार्कांची एक मजा ऑलिम्पिकच्या वेळी झाली. लंडन २०१२ च्या माउंटन बाइक शर्यतीसाठी आधी एसेक्समधलं वील्ड कंट्री पार्क ठरलं होतं. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने बघितलं आणि सांगितलं, हे फार सोपं आहे. शोधाशोध करून त्याच काउंटीतलं हॅडली फार्म निवडलं गेलं. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेची शेतजमीन, बाजूला पडका किल्ला. तिथेही नुसत्या उतारावर भागणार नव्हतं, म्हणून बाहेरून मोठमोठे दगड आणून खडकाळ उतार रचले. शर्यत पार पडली आणि आता तिथल्या पार्कमध्ये सामान्य लोकांसाठी ट्रेल आहेत. इंग्लंडला दगड विकत आणून डोंगर करावा लागला, पण पुढे टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकचं सुवर्ण जिंकलं ते लीड्सच्या टॉम पिडकॉकने.

हरवलेल्या वाटा

आता पुन्हा त्या नकाशांकडे, कारण खरी चुरस तिथे चालू आहे.

पन्नासच्या दशकात गावकऱ्यांनी फॉर्म भरले तेव्हा कितीतरी वाटा सुटल्या. कुठे आळस, कुठे विस्मरण, कुठे फॉर्म भरणाऱ्यालाच आपल्या शेतातून वाट नको होती. इंग्लिश कायद्याचं जुनं तत्त्व असं, की एकदा सार्वजनिक वाट झाली की ती कायमची सार्वजनिक. वापर थांबला म्हणून हक्क जात नाही. म्हणजे जुनी कागदपत्रं सापडली तर वाट आजही नकाशात घालून घेता येते, किंवा 'पायवाट' म्हणून चुकीची नोंदवलेली वाट 'घोडवाट' करून घेता येते.

पण २००० साली आलेल्या कायद्याने याला मुदत घातली. १९४९ पूर्वीच्या ज्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नोंदल्या जाणार नाहीत, त्यांच्यावरचा हक्क मोठ्या प्रमाणावर विझणार होता. गंमत म्हणजे याच कायद्याने चालणाऱ्यांना डोंगरमाळ आणि पडीक रानात मोकळेपणाने भटकायचा हक्क दिला. १९३२ मध्ये किंडर स्काउट पठारावर शेकडो कामगार मुद्दाम घुसले होते, पाच जण तुरुंगात गेले होते, त्या लढ्याचं ते उशिरा आलेलं फळ. त्या दिवशी त्यांचा पुढारी बेनी रॉथमन पोलिसांना चुकवून सायकलने पोचला होता. भटकंतीचा नवा हक्क मात्र फक्त पायी, सायकलला नाही. शेजारच्या स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने सायकलसकट जवळपास सगळीकडे जायची मोकळीक दिली, जबाबदारीने वागायच्या अटीवर. इंग्लंडने ती दिली नाही.

मुदत जवळ येऊ लागल्यावर २०२० मध्ये 'रॅम्बलर्स' या चालणाऱ्यांच्या संघटनेने हजारो स्वयंसेवकांना जुने आणि नवे नकाशे ऑनलाइन शेजारी शेजारी ठेवून तपासायला बसवलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे ४९,००० मैल, म्हणजे जवळपास ७९,००० किलोमीटर संभाव्य हरवलेल्या वाटा निघाल्या. घोडेस्वारांच्या संघटनाही दफ्तरखान्यात बसून १८४० च्या दशकातले धर्मकराचे नकाशे आणि सामाईक जमिनी वाटून देतानाचे जुने निवाडे उकलत आहेत. माउंटन बाइकवाल्यांना जी नवी वाट मिळते, ती बऱ्याचदा अशा एखाद्या घोडेस्वाराने धूळ खात शोधलेल्या कागदामुळे मिळते.

शेतकऱ्यांची बाजूही आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशातली वाट आज गोठ्यातून किंवा कुणाच्या घराच्या अंगणातून जात असेल, तर काय करायचं? पिकातून जाणारी वाट नांगरायला परवानगी आहे, पण नांगरटीनंतर साधारण चौदा दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. घोडवाट असेल तर रुंदीही जास्त सोडावी लागते, शेताच्या मधून जात असेल तर किमान दोन मीटर. जमीन विकत घेताना कागदावर नसलेली वाट नंतर उगवली तर चिडचिड होणारच. मुदत असावी असं म्हणणारे मूर्ख नव्हते.

सरकारने मात्र या मुदतीचा लंबक केला. २०२२ मध्ये ती रद्द करू म्हटलं, २०२३ मध्ये पुन्हा ठेवली आणि २०३१ पर्यंत ढकलली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने ती कायद्यातूनच काढू असं जाहीर केलं. दरम्यान देशभरातल्या कौन्सिलांकडे नकाशा दुरुस्तीचे हजारो अर्ज पडून आहेत आणि काहींचा नंबर लागायला दहा-दहा वर्षं लागतात. पुराव्यात जुने नकाशे चालतात, आणि वीस वर्षं त्या वाटेने जाणाऱ्या गावकऱ्यांचे जबाबही. यातले बरेच साक्षीदार आज सत्तरी-ऐंशीतले आहेत, म्हणून अर्ज करणारे लोक आधी त्यांच्या घरी जाऊन फॉर्म भरून घेतात आणि नकाशे शोधायला नंतर बसतात.